धान कोणी सडायचे? उखळ, गिरणी आणि परवान्याचा इतिहास

१/ गोंदियाला 'तांदळाचे शहर' म्हणतात. राइस मिल ही येथे इतकी नेहमीची वस्तू आहे की तिला काही राजकीय इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मात्र जवळजवळ चार दशके भारतात यंत्रशक्तीवर चालणारी भातगिरणी सरकारी परवान्याविना उभारणे हा गुन्हा होता. धानावरचे टरफल कोणी आणि कशाने काढायचे, हा घरच्या पडवीतला प्रश्न कायद्यात कसा शिरला, याविषयी हा धागा.

२/ आधी प्रक्रिया समजून घेऊ. धानाच्या दाण्यावर बाहेरून तूस असते, त्याखाली कोंड्याचा पातळ थर आणि आत पांढरा तांदूळ. उखळात धान घालून मुसळाने सडले की तूस निघते आणि कोंडा बराचसा दाण्यावर राहतो. हाच हातसडीचा तांदूळ. पूर्वेला छत्तीसगड, ओडिशा, बंगालकडे हेच काम पायाने दाबायच्या ढेकीवर होई. सडायचे, पाखडायचे, पुन्हा सडायचे. हे काम जवळजवळ सर्वत्र स्त्रियांचे होते.

३/ या कामाचे दोन प्रकार होते आणि पुढचा सगळा वाद समजण्यासाठी ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक, घरच्या चुलीसाठी सडणे: रोजचे, बिनमोबदल्याचे. दोन, दुसऱ्याचे धान सडून देणे: मजुरीचे, आणि ती मजुरी बहुधा तांदळाच्या, कणीच्या किंवा कोंड्याच्या रूपात. विधवा, भूमिहीन आणि दलित स्त्रियांसाठी हा दुसरा प्रकार पोटाचा आधार होता.

४/ १८८५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये एव्हारिस्तो एंगेलबर्ग यांनी एक साधे यंत्र तयार केले. लोखंडी नळकांड्यात फिरणारा दंडगोल, एका बाजूने धान आत, दुसऱ्या बाजूने तांदूळ बाहेर. हाच हलर. तो तूस आणि कोंडा एकाच फेरीत काढतो, दाणा चकचकीत होतो आणि कणीही बरीच पडते. यंत्र लहान, स्वस्त आणि कोणत्याही इंजिनाला पट्ट्याने जोडता येणारे असल्यामुळे विसाव्या शतकात ते आशियाभर पसरले.

५/ आपल्या भागात यंत्राआधी रेल्वे आली. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला. १९०३ ते १९०५ दरम्यान गोंदिया ते जबलपूर हा अरुंद मापाचा सातपुडा मार्ग पूर्ण झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातले, तलावांच्या पाण्यावर पिकलेले धान जंक्शनवर येऊ लागले. जेथे धान साठते आणि वाघिणी भरतात, तेथे गिरण्या उभ्या राहणे ओघानेच आले.

६/ याच काळात पांढऱ्या तांदळाविषयी एक अस्वस्थ करणारी गोष्ट कळली. डच अमलाखालच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या दशकात दिसले की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या सुधारतात. कोंड्याबरोबर जे जात होते, ते ब-१ जीवनसत्त्व. आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

७/ आता वर्ध्याकडे वळू. गोंदियापासून रेल्वेने सुमारे दोनशे किलोमीटर. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचे केंद्र वर्ध्याचे मगनवाडी आणि चिटणीस अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. संघाच्या पहिल्याच विषयांत हातसडीचा तांदूळ होता. 'हरिजन'मधून गांधीजी गिरणीच्या तांदळाविरुद्ध सातत्याने लिहू लागले.

८/ त्यांचे म्हणणे दुहेरी होते. गिरणी अन्नातले सत्त्व काढून घेते आणि खेड्यातल्या गरीब स्त्रीची मजुरीही काढून घेते. पहिल्या मुद्द्याला शास्त्राचा आधार होता. दुसराही पोकळ नव्हता. बंगालमध्ये गिरण्या वाढल्या तशी ढेकीवर जगणाऱ्या स्त्रियांची कमाई कशी आटत गेली, हे पुढे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे.

९/ तथापि गांधीजींच्या विचारातच एक विसंगत वाटणारा धागा आहे. १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता. सिंगरने हे यंत्र पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून, प्रेमापोटी बनवले, असे ते म्हणाले. मग प्रश्न उभा राहतो: टाका घालण्याचे कष्ट हलके करणारे यंत्र माणुसकीचे असेल, तर मुसळाचे कष्ट हलके करणारे यंत्र तसे का नाही?

१०/ या प्रश्नाला सर्वांत थेट भिडले ते डॉ. आंबेडकर. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधावर टीका केली. त्यांचा युक्तिवाद असा: पशुवत श्रमातून सुटल्याखेरीज माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीखेरीज संस्कृती नाही. यंत्राने अनर्थ होत असेल, तर दोष यंत्राचा नसून त्याची मालकी आणि नफा मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे.

११/ आपल्या जिल्ह्याशी याचा एक दुवा आहे. १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून लढवली आणि ते पराभूत झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. एका बाजूला मगनवाडी, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांच्या प्रचाराने पेटलेला हा धानपट्टा. यंत्र आणि मुक्ती यांविषयीच्या दोन परस्परविरोधी भूमिका विदर्भाच्या या एवढ्याशा पट्ट्यात समोरासमोर होत्या.

१२/ स्वातंत्र्यानंतर धोरणाने मगनवाडीची बाजू उचलली. अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीने १९५५ मध्ये हातसडीसारख्या धंद्यांना संरक्षण देण्याची दिशा आखली. १९५८ मध्ये संसदेने भातगिरणी उद्योग (नियमन) कायदा केला. नवी गिरणी काढायची किंवा बंद पडलेली पुन्हा सुरू करायची तर परमिट, आणि चालवायची तर परवाना. हाताने किंवा पायाने सडणे या कायद्याच्या बाहेर राहिले.

१३/ परमिट देताना अधिकाऱ्याने काय पाहावे, हे कायद्यानेच सांगितले होते. परिसरात आधीच्या गिरण्या किती, धान किती मिळते, वीज-पाण्याची सोय आहे का, आणि एक फार महत्त्वाचा निकष: या गिरणीमुळे परिसरात मोठी बेरोजगारी निर्माण होईल का?

१४/ या निकषापाशी थोडे थांबले पाहिजे. बेरोजगारी म्हणजे मजुरीचे काम जाणे. दुसऱ्याचे धान सडणारी स्त्री या शब्दात बसते. स्वतःच्या घरचे धान सडणारी बसत नाही. गिरणी आली तर तिचे काही 'जात' नाही, कारण ती जे करते ते काम म्हणून कोठे नोंदलेलेच नाही. अधिकाऱ्याच्या तराजूत पहिलीचे नुकसान पडत होते. दुसरीच्या वाचणाऱ्या तासांना पारडेच नव्हते.

१५/ म्हणजे हा कायदा क्रूर होता असे नव्हे. मजुरीच्या कांडपावर जगणारीला दुसरे काम कोणी देत नसेल, तर तिच्यासाठी गिरणी हे संकटच होते. एकाच यंत्राने एकीला मोकळे केले आणि दुसरीला उघड्यावर टाकले. पण या दोघींपैकी कोणालाही, तुझ्या गावात गिरणी हवी का, असे विचारण्याची तरतूद कायद्यात नव्हती. अर्ज गिरणीमालकाचा आणि निर्णय अधिकाऱ्याचा.

१६/ परवाना पद्धतीचा आणखी एक परिणाम तिच्या रचनेतच असतो. नवी गिरणी काढणे अवघड झाले की ज्याची गिरणी आधीपासून आहे त्याला स्पर्धक राहत नाही. दुबळ्यांच्या नावाने घातलेले कुंपण असे बलवंतांच्याही कामी येते. दूरच्या खेड्यातल्या बाईपुढे मग दोनच पर्याय उरतात: मैलोगणती डोक्यावर गाठोडे, नाही तर पुन्हा मुसळ.

१७/ पुढे राज्यसंस्थेच्या गरजा बदलल्या. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. सरकारच आता धानाचा मोठा खरेदीदार बनत होते आणि त्याला अखंड दाण्याचा जास्त उतारा हवा होता. हलरमध्ये कणी फार आणि तूस-कोंडा एकत्र होऊन वाया जाणारा. म्हणून रबरी रोलच्या आधुनिक गिरण्यांकडे धोरण झुकले. हातसडीसाठी उभारलेली परवान्याची यंत्रणा हळूहळू गिरण्यांच्या आधुनिकीकरणाकडे वळली. अखेर उदारीकरणाच्या काळात, १९९७ मध्ये, हा कायदा रद्द झाला.

१८/ परवाना गेला, तरी नियंत्रण गेले नाही. त्याची जागा बदलली. आज गोंदिया-भंडाऱ्याच्या अनेक गिरण्या सरकारी भरडाईवर चालतात. आधारभूत केंद्रांवर मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ धान घेते, गिरणी भरडते आणि एका क्विंटल धानामागे साधारण ६७ किलो तांदूळ सरकारला परत करते. तो रेशनमधून घरोघरी जातो. दाणा कसा असावा, हे आता परवान्यात नव्हे, पुरवठ्याच्या अटींत ठरते.

१९/ अशाच एका अटीने जुना प्रश्न परत आला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केले की सरकारी योजनांतला सर्व तांदूळ २०२४ पर्यंत पोषणतत्त्वयुक्त, म्हणजे फोर्टिफाइड, असेल. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून दाण्याच्या आकाराचे कण बनवायचे आणि साधारण शंभर किलो तांदळात एक किलो कण मिसळायचे. त्याआधीच्या प्रायोगिक योजनेत महाराष्ट्रातून शेजारच्या गडचिरोलीची निवड झाली होती.

२०/ उद्देश रक्तक्षय कमी करण्याचा, आणि तो प्रश्न खरा आहे. परंतु पूर्व विदर्भ हा सिकलसेलचाही प्रदेश आहे. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार लोहयुक्त अन्नाच्या पाकिटावर सूचना आवश्यक होती: थॅलेसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, सिकलसेलच्या रुग्णांनी टाळावे. २०२४ मध्ये, तज्ज्ञांच्या मते तिला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, म्हणून ही सूचना वगळली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवण्यास मंजुरी दिली.

२१/ शास्त्रीय बाजू तज्ज्ञांनी तपासावी, त्यावर निर्णय देणे हे इतिहासाचे काम नाही. इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे. सूचना पोत्यावर छापलेली असे. रेशन दुकानात तांदूळ मापून पिशवीत मिळतो. सूचना लागू होती तेव्हा आणि वगळली तेव्हाही, तो तांदूळ शिजवणाऱ्या घराला किती कळले? ज्याच्याकडे पैसे आहेत तो दुकानातून हवा तो तांदूळ घेतो, अगदी हातसडीचाही, आणि तो आता महाग मिळतो. रेशन कार्डावर जगणाऱ्याला निवड नाही.

२२/ १९३४, १९५८, २०२१. तिन्ही वेळी बोलणारे सदिच्छेने बोलत होते आणि तिन्ही वेळी पोषण किंवा रोजगार हे कारण खरे होते. तिन्ही वेळी जिच्या हाताने सडले, शिजले आणि वाढले गेले, ती स्त्री धोरणाचा विषय होती. धोरण ठरवणारी नव्हती. तंत्रज्ञानावरचे नियंत्रण म्हटले की आपण मोबाइल आणि इंटरनेटचा विचार करतो. उखळाच्या जागी काय यावे आणि ते कोणाच्या मर्जीने यावे, हा त्याच प्रश्नाचा जुना पाठ आहे.

२३/ भारतात घरकामाच्या वेळेची पहिली देशव्यापी मोजणी २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात झाली. बिनमोबदल्याच्या घरकामात ते करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७, असे त्यात दिसले. भातगिरणी कायद्यानंतर साठ-एक वर्षांनी ते पारडे निदान कागदावर आले. १९५८ मध्ये मुसळावर किती तास जात होते, हे मात्र आता कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

२४/ ते सापडलेच तर घरांत सापडेल. गोंदिया, आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव, तिरोडा, कोठेही आपली आजी असेल, तर तिला विचारा: गावात पहिली मिल कधी आली? त्याआधी धान कोण सडायचे, किती वाजता उठून? दुसऱ्याचे सडायला कोण येई, तिला काय मिळे आणि मिल आल्यावर ती कोठे गेली? शेवटचा प्रश्न अवश्य विचारा. उत्तरे खाली लिहिलीत तर ती एकत्र करून पुढच्या धाग्यात मांडता येतील.