दुकानाचा विमा काढताय? पत्ता, रक्कम आणि मालाची नोंद आधी तपासा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात घरांबरोबर दुकाने, गोदामे आणि मागांच्या शेडमध्येही पाणी शिरले होते. अशा वेळी विमा नसलेल्यांचे हाल होतातच. पण दरवर्षी हप्ता भरूनही हातात निम्मीच रक्कम पडली, असे सांगणारे व्यावसायिकही भेटतात. बहुतेक वेळा कारण एकच असते. पॉलिसीत लिहिलेले वेगळे आणि दुकानात असलेले वेगळे. खडेबाजारातला कापड दुकानदार, वडगाव-शहापूरचा यंत्रमागधारक, उद्यमबागेतला वर्कशॉपवाला किंवा निपाणीचा तंबाखू व्यापारी, विमा घेताना प्रत्येकाने काय पाहावे, याची ही माहिती.

मूळ पॉलिसी कोणती?

छोट्या धंद्यासाठी पाया म्हणजे आग आणि नैसर्गिक आपत्तीचा विमा. विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून यासाठी सर्व कंपन्यांना सारख्याच नियमांच्या पॉलिसी ठरवून दिल्या आहेत. एका ठिकाणची इमारत, यंत्रे, फर्निचर आणि माल मिळून किंमत ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. ५ कोटींच्या वर ५० कोटींपर्यंत असेल तर ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल यांत झालेले नुकसान यात येते. कंपनी कुठलीही असली तरी मूळ अटी त्याच असल्याने हप्ता, सेवा आणि जवळची शाखा यांची तुलना करणे सोपे जाते.

मात्र यात सगळेच येत नाही. कुलूप फोडून झालेल्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा लागतो. आग-पुरासारख्या घटनेमुळे ७ दिवसांत झालेली चोरी तेवढी मूळ पॉलिसीत धरली जाते. शॉर्ट सर्किटने मोटर जळाली तर त्या मोटरची भरपाई मिळत नाही. तिथून पसरलेल्या आगीत इतर माल जळाला तर त्याची मिळते. मोटरसाठी यंत्र बिघाडाचा विमा घ्यावा लागतो. गल्ल्यातली आणि बँकेत नेताना वाटेतली रोकड, नोकराने केलेली अफरातफर, दुकान बंद राहिल्याने बुडालेला नफा, हे सगळे स्वतंत्र भाग आहेत. दुकानदारांसाठीच्या पॅकेज पॉलिसीत यातले बरेचसे एकत्र मिळतात. पण कुठला भाग घेतला आणि कुठला सोडला, हे विचारूनच सही करावी.

रक्कम कमी लावली तर काय होते?

हप्ता वाचवण्यासाठी मालाची किंमत कमी सांगण्याची सवय सर्वांत महागात पडते. एक उदाहरण घेऊ. दुकानात माल २० लाखांचा आहे, विमा १२ लाखांचा काढला आणि पाणी शिरून ५ लाखांचा माल खराब झाला. ‘नुकसान ५ लाखांचे, विमा १२ लाखांचा, म्हणजे पूर्ण ५ लाख मिळणार’ असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. विमा किमतीच्या ६० टक्केच असल्याने भरपाईही ६० टक्के, म्हणजे ३ लाख. उरलेले २ लाख खिशातून.

वर सांगितलेल्या दोन्ही पॉलिसींत थोडी सवलत आहे. विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ती कमतरता धरली जात नाही. म्हणजे २० लाखांच्या मालावर १७ लाखांचा विमा असता, तर याच नुकसानीत कपात झाली नसती. प्रत्येक दाव्यात विमाधारकाने सोसायची ठरावीक रक्कम तेवढी वजा होते.

माल खरेदीच्या दराने धरावा, विक्रीच्या नव्हे. यंत्रांची किंमत मात्र आज तसेच नवे यंत्र घ्यायला किती पडेल, ती लावावी. दहा वर्षांपूर्वीच्या बिलावरची नको. दिवाळी आणि लग्नसराईत माल दुप्पट होत असेल तर भर हंगामातला आकडा धरावा किंवा त्या काळापुरती रक्कम वाढवून घ्यावी.

पत्ता: सीमाभागात खास लक्ष द्यावे

विमा माणसाला नसतो, जागेला असतो, हे इथे विसरून चालत नाही. दुकान बेळगावात आणि कारखाना किंवा गोदाम पलीकडे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत, अशी स्थिती अनेकांची आहे. पॉलिसीवर फक्त दुकानाचा पत्ता असेल तर शिनोळीच्या गोदामातल्या आगीची भरपाई मिळणार नाही. प्रत्येक जागेचा पत्ता आणि तिथल्या मालाची रक्कम वेगळी नोंदवावी. दुकान हलवले, शेजारचा गाळा घेतला, की लगेच कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यावी.

चोर्ला किंवा आंबोली घाटातून जाणारा माल या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी वाहतूक विमा लागतो. त्याला ‘मरीन’ म्हणतात, पण तो रस्त्याने जाणाऱ्या मालालाही चालतो. टेम्पोचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा असला तरी त्यात आतल्या मालाचे नुकसान येत नाही.

माल कुणाचा?

उद्यमबागेत दुसऱ्या कंपनीचे कास्टिंग मशिनिंगसाठी येते. मागावरचे सूत अनेकदा व्यापाऱ्याचे असते. शिंप्याकडे, दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या वस्तू असतात. ‘स्वतःचा माल’ एवढेच लिहिलेले असेल तर या वस्तू बाहेर राहतात. जॉबवर्कसाठी आलेला, दुसऱ्याच्या मालकीचा माल पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावा.

भाड्याच्या गाळ्यात इमारतीचा विमा मालकाने काढायचा, माल आणि फर्निचरचा भाडेकरूने. मालकाच्या पॉलिसीवर भाडेकरूचा माल सुरक्षित होत नाही.

बँकेने काढलेला विमा

कॅश क्रेडिट किंवा कर्ज असेल तर बँक विमा काढते आणि हप्ता खात्यातून वळता करते. अनेकांनी ती पॉलिसी कधी पाहिलेलीही नसते. तिची प्रत मागून घ्यावी. विमा कर्जाच्या रकमेपुरताच आहे की पूर्ण मालाचा, मुदत कधी संपते, धंद्याचा प्रकार बरोबर आहे का, हे पाहावे. पॉलिसीवर बँकेचे नाव असल्याने भरपाई आधी बँकेकडे जाते, हेही लक्षात ठेवावे. बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट, जीएसटी विवरण आणि दाव्यातला माल हे तिन्ही आकडे सर्व्हेअर ताडून पाहतो. त्यांत तफावत असली की दावा अडतो.

कामगार आणि मालक

१० किंवा अधिक कामगार असतील आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होते. त्याहून छोट्या वर्कशॉपमध्येही काम करताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते. त्यासाठी कामगार नुकसानभरपाईचा विमा घ्यावा. याशिवाय बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा २ लाखांचा अपघात विमा (वय १८ ते ७०) आणि ४३६ रुपयांत जीवन ज्योती योजनेचा २ लाखांचा जीवन विमा (नोंदणीसाठी वय १८ ते ५०) मिळतो. मालक आणि कामगार दोघांनाही तो घेता येतो.

नुकसान झाल्यावर

आधी कंपनीला कळवावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नये. फोटो आणि व्हिडिओ काढावेत. चोरी असेल तर पोलिसांत फिर्याद, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला लागतो. सर्व्हेअरची फी कंपनी देते, विमाधारकाने द्यायची नसते. पंचनामा कन्नडमध्ये असेल तर मालाची यादी वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. बिलांचे फोटो मोबाइलवर किंवा ई-मेलवर ठेवावेत. पुरात वह्याही जातात.

दावा फेटाळला तर

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार द्यावी. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’कडे १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत जाता येते. ही सोय एकट्या मालकाच्या धंद्याला आणि सूक्ष्म उद्योगांनाही आहे. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. कर्नाटकसाठी हे कार्यालय बेंगळुरूत, तेलंगणासाठी हैदराबादेत, गुजरातसाठी अहमदाबादेत आणि मध्य प्रदेशसाठी भोपाळमध्ये आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते.

सही करण्याआधी

- प्रत्येक दुकान, गोदाम, शेडचा पत्ता आहे का?
- धंद्याचा प्रकार खरा लिहिला आहे का? कापड दुकान लिहून फटाके ठेवले तर दावा अडचणीत येतो.
- माल, यंत्रे, फर्निचर, इमारत यांच्या रकमा वेगळ्या आणि आजच्या आहेत का?
- दुसऱ्याचा माल, घरफोडी, रोकड, यंत्र बिघाड यांपैकी काय घेतले आहे?
- फॉर्म एजंटने भरला असेल तर प्रत्येक उत्तर मराठीत समजून घेतले का? कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नये.
- हप्त्याचा चेक वटला का? हप्ता जमा झाल्याशिवाय विमा सुरू होत नाही.
- मुदत संपण्याची तारीख पावसाळ्यात येते का? मग नूतनीकरण दोन आठवडे आधीच उरकावे.