नीळ घातलेली भिंत

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी मळकट लखोटा घेऊन लातूरला घरी आला. आत रंगीत निगेटिव्हच्या चार पट्ट्या होत्या. किल्लारीच्या बाजूचे त्याचे गाव. १९९३ च्या उन्हाळ्यात घरात झालेले लग्न. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून गाव निजले असताना, भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. त्या भागात सात हजारांवर माणसे दगावली. ते घरही गेले. उरले ते या पट्ट्यांत, आणि तेही उलटे : उजेड काळा, काळोख उजळ, सर्वांवर नारिंगी झाक.

वाचकहो, या नारिंगीलाही इतिहास आहे. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवर केवळ चांदीच्या कणांचा काळा-पांढरा खेळ. रंगाचा प्रश्नच नव्हता. १९३५ साली कोडॅक्रोम आली आणि पुढे रंगीत स्लाइड घरोघरच्या हौसेची वस्तू झाली. स्लाइड सुलटी असते. उजेडापुढे धरली की रंग ताडून पाहता येतो. निगेटिव्हचे तसे नाही. तिच्यातील रंगद्रव्ये पुरेशी शुद्ध नसतात. तो दोष फेडण्यासाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीस फिल्मलाच नारिंगी झाक देण्यात आली. म्हणून स्कॅनरला आधी सांगावे लागते, की ही स्लाइड आहे, रंगीत निगेटिव्ह आहे की काळी-पांढरी.

आम्ही नांदेडच्या एका स्टुडिओत गेलो. तेथल्या पोराने सारे ‘ऑटो’वर सोडले. चित्र झकास निघाले; भिंत कागदासारखी पांढरी! विद्यार्थ्याच्या आईने ते हाती घेतले, नि लगेच खाली ठेवले. ‘‘गुरुजी, ही भिंत आमची न्हाई. आमी सणाला चुन्यात नीळ घालीत होतो. आन् नवरी अशी काविळीवानी कशी?’’

म्हातारीने नेमके दुखणे सांगितले होते. चित्रातले सर्वांत उजळ ते पांढरेच, असे यंत्र धरून चालते. त्याने भिंतीची निळाई काढून टाकली. ती साऱ्या चित्रातून गेली आणि माणसे पिवळी पडली.

दुसऱ्यांदा आम्ही ‘ऑटो’ बंद केले. दोन चित्रांमधल्या कोऱ्या फटीवर प्रकाश पडलेला नसतो. तेथली नारिंगी मोजून तेवढीच वजा केली. अठ्ठेचाळीस बिटांचे माप धरले. त्यात प्रत्येक मूळ रंगाला ६५,५३६ पायऱ्या मिळतात. चोवीस बिटांत अवघ्या २५६. पायऱ्या थोड्या असल्या, की मागाहून रंग ओढताना आभाळात पट्टे उमटतात.

भिंत निळसर आली. पण तीस वर्षांत फिल्मचे रंगही विटलेले. हाच अस्सल रंग, असे शपथेवर कोण सांगणार? येथे मला इतिहासाचार्य राजवाडे आठवले. गावोगाव हिंडून त्यांनी मूळ कागद जमविले, ते छापून लोकांपुढे ठेवले. अर्थ लावायचा तो त्यानंतर. आम्हीही तसेच केले. पहिले स्कॅन टिफ स्वरूपात, हात न लावता ठेवले. रंगदुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर, म्हातारीला शेजारी बसवून केली. तिसऱ्या कोणाला उद्या वेगळे वाटले, तर त्याला मूळ पाहता येईल.

शेवटच्या चित्रावर ती बराच वेळ बोलली नाही. मग निळ्या भिंतीतल्या कोनाड्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘हितं पणती ठेवायची मी.’’

चित्रात कोनाडा रिकामाच होता. यंदाच्या दिवाळीत, तुमच्या घरी असा लखोटा असेल, तर तो उघडा. आणि त्या घरात राहिलेले माणूस जवळ आहे, तोवर त्याला रंग विचारून घ्या.