दिनविशेष : मोगादिशूत उतरला बालकांचा आहार
२७ जुलै २०११

सोमालियाची राजधानी मोगादिशू येथे या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचे विमान उतरले. त्यात कुपोषित बालकांसाठी शेंगदाण्याची सुमारे १० टन पोषक पेस्ट होती. दक्षिण सोमालियाच्या दोन भागांत आठवडाभरापूर्वीच, २० जुलैला, अन्नदुष्काळ जाहीर झाला होता.

शेंगदाणे, दूधपावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची ही पेस्ट शिजवावी लागत नाही. तिच्यात पाणीही घालावे लागत नाही, आणि जिथे उरलेसुरले पाणी दूषित असते तिथे याच गुणाने मूल वाचते. आई पाकीट फोडून घरीच भरवू शकते. दवाखान्यातली खाट जास्त आजारी मुलांसाठी मोकळी राहते.

पण मदत उशिरा आली, हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे. अवर्षणाचे इशारे २०१० पासून मिळत होते. या संकटात सुमारे २ लाख ६० हजार माणसे दगावली. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले होती. २०२२ अखेरपर्यंत तिथे पावसाचे सलग पाच हंगाम हुकले, तेव्हा मदत वाढवल्याने अन्नदुष्काळाची घोषणा टळली. तरीही त्या वर्षी अवर्षणामुळे अंदाजे ४३ हजार जास्तीचे मृत्यू झाले आणि त्यांतही निम्मी बालकेच होती.