रेडिएटर नसलेला ट्रक

खंबाटकी घाट एप्रिलच्या दुपारी चढलाय कधी? एखादा तरी ट्रक कडेला उभा असतोच. रेडिएटर उकळलाय, क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन धावतोय. डिझेलचे पैसे आपण मोजले आणि त्यातून झालेली उष्णता अशी वाफ होऊन गेली. ढोबळ हिशोब सांगतो. डिझेल जळून जी ऊर्जा निघते, त्यातली साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के चाकांच्या कामी येते. बाकीची जाते धुरातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून.

मग ही उष्णता आतच कोंडली तर? आजचा एपिसोड याच प्रश्नाच्या इतिहासावर.

प्रश्न जुना आहे. खुद्द रुडॉल्फ डिझेलच्या सुरुवातीच्या कल्पनेत पाण्याने थंड करणं नव्हतंच. पण १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला त्याचं जे इंजिन यशस्वी ठरलं, त्याला पाण्याचं जॅकेट होतं. त्याची कार्यक्षमता होती सुमारे २६ टक्के. त्या काळाच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी जास्त!

१९७३ च्या तेलसंकटानंतर हा प्रश्न पुन्हा वर आला. अमेरिकेत कमिन्स कंपनी (हो, आपल्या पुण्यातही जिचे कारखाने आहेत तीच) आणि तिथल्या लष्कराचा रणगाडे-वाहनांचा विभाग एकत्र आले. कमिन्सकडून रॉय कामो, लष्कराकडून वॉल्टर ब्रिझिक. लष्कराचा स्वार्थ सरळ होता: रेडिएटर आणि पंखा जागा खातात, आणि रेडिएटरला गोळी लागली की गाडी तिथेच बसते.

त्यांनी पिस्टन, सिलिंडर हेड, लायनर असे भाग झिरकोनियासारख्या सिरॅमिकने झाकले. झिरकोनियातून उष्णता बिडाच्या तुलनेत वीसेक पटीने कमी वाहते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा पाच टनी लष्करी ट्रक रस्त्यावर धावला. रेडिएटर नाही, पंखा नाही, पाण्याचा पंप नाही. लोक थक्क झाले. जपानमध्ये इसुझूनेही सिरॅमिक इंजिनावर काम केलं. वाटलं, आता झालंच!

पण नाही झालं. का?

एक, कोंडलेली उष्णता मुकाट्याने पिस्टन ढकलत नाही. तिचा मोठा भाग धुरातून बाहेर पडतो. तो परत मिळवायला एक्झॉस्टवर वेगळं टर्बाइन बसवून क्रँकशाफ्टला जोडावं लागतं. दोन, भिंती सतत तापलेल्या, म्हणून आत येणारी हवा आधीच गरम होऊन फुगते आणि सिलिंडरमध्ये कमी मावते. तीन, एवढ्या तापमानाला ऑइल टिकत नाही, आणि सिरॅमिकला तडे जातात.

आम्ही कोडवाले हे लगेच ओळखू. एक फंक्शन फास्ट केलं आणि बॉटलनेक पुढच्या फंक्शनमध्ये गेला!

१९८७ साली म्युनिकच्या गेरहार्ड वोश्नी यांनी पेपर मांडला. इंजिनातल्या उष्णतेच्या गणितात आजही ज्यांचं सूत्र वापरतात, तेच हे वोश्नी. त्यांच्या इन्सुलेट केलेल्या इंजिनाने डिझेल कमी नाही, उलट जास्त खाल्लं. त्यांचं म्हणणं होतं की भिंत फार तापली की ज्वाला भिंतीच्या अगदी जवळ येऊन जळते, आणि मग उष्णता भिंतीत जास्त जोराने शिरते. हे सगळ्यांना पटलं नाही. कुणाच्या प्रयोगात फायदा दिसला, कुणाच्या तोटा. वाद वर्षानुवर्षं चालला.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो हा भाग. सगळे जोशात असताना एक माणूस 'माझ्या टेस्ट बेंचवर उलटं दिसतंय' असं छापून सांगतो. बीटेकला आमचे रिझल्ट उलटे आले की आम्ही ग्राफ 'सरळ' करायचो. लाज वाटते आज. कारण पुढचा योग्य प्रश्न अशा उलट्या ग्राफमधूनच निघतो.

तो प्रश्न असा: भिंत कायम गरम कशाला हवी? उन्हात एक दगड आणि एक थर्माकोलचा तुकडा ठेवा. दगड संध्याकाळपर्यंत गरम राहतो. थर्माकोल वरून पटकन तापतो आणि सावलीत नेताच गार. इंजिनाला थर्माकोलसारखी भिंत हवी. जळताना वायूसोबत तापणारी, हवा आत येताना गार होणारी. २००० आरपीएमला एक पूर्ण सायकल संपते ६० मिलिसेकंदांत. तेवढ्यात हे तापणं-निवणं दोन्ही व्हायला हवं.

२०१५ मध्ये टोयोटाने १जीडी-एफटीव्ही या २.८ लिटर डिझेल इंजिनात हे आणलं. पिस्टनच्या माथ्यावर सच्छिद्र ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्याला सिलिकाची बळकटी. कंपनीच्या आकड्यांनुसार ज्वलनावेळी भिंतीत जाणारी उष्णता सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटली. बाकी सुधारणा धरून इंजिनाची कमाल कार्यक्षमता ४४ टक्के झाली.

आणि या इंजिनाला रेडिएटर आहे, बरं का! तो ट्रक ज्यासाठी बांधला, ते स्वप्न पूर्ण झालं नाही. पण तो ट्रक आणि वोश्नींचा उलटा ग्राफ नसता, तर उष्णता 'किती अडवायची' यावरून 'कधी अडवायची' इथवर आपण आलो असतो का? मला नाही वाटत.

पुढच्या वेळी घाटात उकळलेला रेडिएटर दिसला, की हा एपिसोड आठवा. आणि हो, ते झाकण गरम असताना उघडू नका. भेटू पुढच्या भागात!