पेशीविकृतिविज्ञान

पेशीविकृतिविज्ञान ही विकृतिविज्ञानाची एक शाखा होय. शरीरातून सुट्या झालेल्या किंवा काढून घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगाचे निदान करणे, हा तिचा विषय आहे. व्यवहारात या तपासणीस ‘सायटोलॉजी’ म्हणतात. बायॉप्सीत ऊतींचा तुकडा तपासतात, त्यामुळे पेशींची मूळ मांडणी दिसते. येथे मात्र सुट्या पेशींवरूनच अनुमान काढावे लागते.

पद्धती

थुंकी, मूत्र, छातीत वा पोटात साचलेले पाणी यांतील पेशी थेट तपासता येतात. स्तन, थायरॉइड किंवा लसिकाग्रंथींतील गाठीतून बारीक सुईने पेशी ओढून घेतात. या पद्धतीस ‘एफएनएसी’ म्हणतात. नमुना काचपट्टीवर पसरून रंजकाने रंगवतात. मोठे व गडद झालेले केंद्रक, त्याची वेडीवाकडी कड आणि पेशीद्रव्याचे घटलेले प्रमाण ही कर्करोगाची सूचक लक्षणे होत.

पॅप चाचणी

गर्भाशयमुखाच्या पेशींवरून कर्करोग ओळखण्याची पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी विकसित केली. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोग होण्यापूर्वीचे पेशीबदलही या चाचणीत आढळतात, म्हणून वेळीच उपचार करता येतात.

महाराष्ट्रातील अभ्यास

तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. तीन गटांना अनुक्रमे एचपीव्ही चाचणी, पेशीतपासणी व आम्ल लावून दृश्य तपासणी एकेकदा देऊ करण्यात आली. चौथ्या गटास नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने चौथ्या गटात ६४, पेशीतपासणीच्या गटात ५४, तर एचपीव्ही गटात ३४ मृत्यू झाले. एचपीव्ही गटातील घट लक्षणीय होती. पेशीतपासणीच्या गटातील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरली नाही.

मर्यादा

नमुना अपुरा असल्यास किंवा काचपट्टी वाचण्यात चूक झाल्यास रोग निसटू शकतो. त्यामुळे एकाच तपासणीवर न विसंबता ती ठराविक काळाने पुन्हा करावी लागते. संशयास्पद अहवालानंतर निदानाची खात्री बहुधा बायॉप्सीने करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्राथमिक चाळणीसाठी एचपीव्ही चाचणीस प्राधान्य दिले. तरी त्या चाचणीत दोष आढळलेल्या स्त्रियांपैकी कोणास पुढील तपासणी हवी, हे ठरविण्यासाठी पेशीतपासणी उपयोगी पडते.