एका फुटबॉल क्लबाचें बिऱ्हाड

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरांत स्टॅन्ले पार्क नांवाची एक सार्वजनिक बाग आहे. तिच्या दोन अंगांस, एक मैलाच्याही आंत, फुटबॉलचीं दोन विख्यात मैदानें आहेत. एक ॲनफील्ड, दुसरें गुडिसन पार्क. ॲनफील्ड लिव्हरपूल क्लबाचें; गुडिसन पार्क हें १८९२ पासून २०२५ पर्यंत एव्हर्टन क्लबाच्या मुख्य संघाचें घर होतें. परंतु ॲनफील्डवर आधीं एव्हर्टनच नांदत होता, आणि लिव्हरपूल क्लबाचा जन्म एव्हर्टनच्या सभासदांनीं मैदानावरून मांडलेल्या भांडणांतून झाला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. भांडण वरवर भाड्याचें होतें. त्याच्या तळाशीं मात्र निराळाच प्रश्न होता: क्लब म्हणजे जमीन कीं माणसें?

एव्हर्टनचा आरंभ अगदीं साधा. १८७८ सालीं सेंट डोमिंगो या मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिरांतील तरुणांनीं संघ काढला आणि पुढच्याच वर्षीं त्याला आसपासच्या वस्तीचें एव्हर्टन हें नांव दिलें. प्रथम खेळ होई तो सार्वजनिक बागेंत. नंतर प्रायरी रोडवर जागा मिळाली. पण प्रेक्षकांच्या गलक्याला मालक कंटाळला आणि बिऱ्हाड पुन्हा हललें. १८८४ सालीं क्लब ॲनफील्डवर आला. बिअरचा कारखानदार आणि शहरांतील वजनदार पुढारी जॉन हौल्डिंग हा क्लबाचा अध्यक्ष होता, आणि तोच पुढें त्या जमिनीचा मालक झाला. वर्षाला १०० पौंड असलेलें भाडें चढत चढत २५० पौंडांवर गेलें. खेळाडूंना कपडे बदलण्यासाठींही त्याच्याच मद्यगृहांत जावें लागे. प्रार्थनामंदिरांतून आलेल्या मंडळींना हें रुचणें कठीणच होतें.

१८९१ सालीं एव्हर्टननें ॲनफील्डवरच लीगचें अजिंक्यपद मिळविलें. अशा यशाच्या भरांत हौल्डिंगनें सुचविलें कीं, कंपनी स्थापून क्लबानें ही जमीन विकत घ्यावी. सभासदांत दोन तट पडले. तयार मैदान, बांधलेल्या गॅलऱ्या, सवयीचा प्रेक्षकवर्ग, हें सारें टाकून कोठें जावयाचें? हा एका पक्षाचा प्रश्न व्यवहाराला धरून होता. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, जो अध्यक्ष तोच घरमालक असेल, तर क्लबाचा हिशेब कोणीं कोणाला विचारावयाचा? त्या पक्षाचा पुढारी जॉर्ज माहन हा सेंट डोमिंगोच्याच मंदिरांत ऑर्गन वाजवीत असे. त्यानें बागेच्या पलीकडे, मिअर ग्रीन येथें जागा हेरून ठेवली होती.

बहुमत माहनच्या बाजूला गेलें. पण ती जागा म्हणजे ओसाड रान होतें. जमीन सपाट करणें, पाण्याचा निचरा साधणें, हिरवळ अंथरणें, सारेंच नव्यानें करावें लागलें. डॉ. जेम्स बॅक्स्टर या सभासदानें १००० पौंड बिनव्याजी दिले. २४ ऑगस्ट १८९२ रोजीं गुडिसन पार्कचें उद्घाटन झालें. मागें हौल्डिंगजवळ मैदान राहिलें, संघ राहिला नाहीं. म्हणून त्यानें नवा संघ उभा केला, तोच लिव्हरपूल क्लब.

नव्या घराची निगा एव्हर्टननें निष्ठेनें राखली. १९५८ सालीं गोठलेल्या जमिनीवर उपाय म्हणून मैदानाखालीं सुमारें २० मैल लांबीची विजेची तार पुरण्यांत आली. बर्फ वितळलें खरें; पण त्याचें पाणी जुन्या गटारांना पेलेना. अखेर १९६० सालीं मैदान पुन्हा उकरून निचऱ्याची नवी व्यवस्था करावी लागली. त्याच मातीच्या कडेला शेंकडों चाहत्यांची रक्षा त्यांच्या आप्तांनीं पुरली. जागाच उरली नाहीं, तेव्हां २००४ सालीं क्लबाला ही प्रथा बंद करावी लागली. एका हंगामांत लीगचे ६० गोल करणारा डिक्सी डीन १९८० सालीं याच क्रीडांगणांत सामना पाहतांना मरण पावला.

असें घर सोडावयाचें म्हटल्यावर पुन्हां दोन तट पडावेत, यांत नवल नाहीं. खांबांआड खेळ दिसत नाहीं, भोंवतालच्या घरांमुळें क्रीडांगण वाढवितां येत नाहीं, हें कोणासही नाकारतां येईना. पण जावयाचें कोठें? किंग्ज डॉकची योजना २००३ सालीं पैशाअभावीं कोसळली. २००७ सालीं शहराच्या हद्दीबाहेरील कर्कबीच्या जागेसंबंधीं चाहत्यांचें मत घेण्यांत आलें. शेंकडा ५९ मतें अनुकूल पडलीं. तरी शहराबाहेर गेलेला क्लब आपला कसा, असें म्हणणाऱ्यांनीं विरोध सोडला नाहीं, आणि २००९ सालीं सरकारनेंच ती योजना फेटाळली. १८९२ सालीं सभासदांच्या मतानें प्रश्न निकालांत निघाला होता. आतां चाहत्यांना मत विचारलें जाई, निर्णय मात्र दुसरीकडे होई.

शेवटीं शहरांतच, मर्सी नदीकांठच्या ब्रॅमली-मूर या जुन्या गोदींत सुमारें ५३,००० प्रेक्षकांचें क्रीडांगण उभें राहिलें. २४ ऑगस्ट २०२५ रोजीं, गुडिसनच्या उद्घाटनाला बरोबर १३३ वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं, तेथें लीगचा पहिला सामना झाला आणि एव्हर्टननें ब्रायटनचा पराभव केला. गुडिसनवर मात्र नांगर फिरला नाहीं. तें पाडण्याचा बेत बदलून एव्हर्टनच्या महिला संघाला देण्यांत आलें.

ॲनफील्ड सोडतांना सभासदांनीं मागें वळून पाहिलें नव्हतें, कारण तेथें त्यांचें स्वतःचें असें कांहींच नव्हतें. गुडिसनच्या मातींत मात्र त्यांचीं माणसें होतीं. घर बदलतां येतें, हें त्यांच्या पूर्वजांनींच त्यांना शिकविलें होतें. तें कसें सोडावें, हें शिकावयास त्यांना सव्वाशें वर्षें लागलीं.