नाव वर गेलं, यादी खाली आली नाही

1988 च्या पावसाळ्यात मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून रुजू झाले. गावाने मला आरोग्य सेविका कधी म्हटलं नाही, मी नर्सबाई. सार्वत्रिक लसीकरण 1985 साली सुरू झालं होतं आणि एकेक जिल्हा घेत पुढे सरकत होतं. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर या सहा रोगांच्या लसी बर्फाच्या डब्यात घालून मी पाडे चालायचे. आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा नियम. तीन हजार हा आकडा लहान वाटतो, पण ती माणसं डोंगराच्या दोन्ही अंगांना विखुरलेली असली की पायांना तो कळतो.

रात्री कंदिलाशी बसून रजिस्टरं भरायची. जोडपी, गरोदर बाया, जन्म, मृत्यू. महिनाअखेरीला सगळ्याची बेरीज करून अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायचा. वर आकडा जायचा, नावं माझ्याकडे राहायची. या नोंदींचा इतिहास मला असाच दिसतो: नाव कुणाकडे होतं आणि आकडा कुणाकडे.

काही वर्षांनी टिकलर बॅग आली. भिंतीला टांगायची कापडी पिशवी, तिला महिन्यागणिक एक खिसा. बाळाचं कार्ड आईकडे, त्याची स्थळप्रत माझ्याकडे. जूनमध्ये डोस दिला आणि पुढचा जुलैत असला, की स्थळप्रत जुलैच्या खिशात. लसीकरण सत्राच्या आदल्या संध्याकाळी त्या महिन्याचा खिसा हातावर रिकामा केला की उद्या कोण यायला हवं ते समोर. सत्र संपल्यावर ज्या प्रती हातात उरल्या, ती न आलेली बाळं. 2005 नंतर गावात आरोग्य स्वयंसेविका म्हणून आशाताई आल्या. मग त्या उरलेल्या प्रती घेऊन आम्ही दोघी थेट त्या घरांच्या दारात उभ्या राहायचो. वीज नको, रेंज नको. जी भरते तिलाच ती पिशवी उत्तर द्यायची.

याच जातीचं एक यंत्र मी एका प्रशिक्षणात पाहिलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने न्यूमोनियाने मरणाऱ्या बाळांसाठी काम उभं केलं, ते मी नोकरीला लागले त्याच सुमाराला. गावातल्या सुइणींना मोठी मोजणी येत नव्हती. बाळाचा श्वास मिनिटाला किती, यावर तर निदान ठरायचं: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, त्याहून मोठ्याला पन्नास ही हद्द. म्हणून बंग दांपत्याने मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असं साधन केलं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत हद्दीच्या लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. मोजणी सुइणीची, निदानही तिचंच, आणि औषध तिच्याच हातात. मला विचाराल तर आपल्याकडच्या आरोग्य-तंत्रज्ञानाचा इतिहास संगणकापासून नव्हे, त्या मण्यांपासून लिहायला हवा.

2009 च्या अखेरीस माता आणि बालकांचा माग ठेवणारी देशव्यापी संगणक-प्रणाली आली. आता आकड्याबरोबर नावही वर जाणार होतं, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. बाळ तिकडे गेलं की माझ्या पिशवीतली प्रत पडून राहायची. कार्ड पावसात भिजलेलं, नाहीतर हरवलेलं. तिकडच्या नर्सबाईला माझं बाळ एका नंबरवर सापडेल, या आशेने मी रात्ररात्र फॉर्म भरले. प्रत्येक बाईचा मोबाईल नंबर लिहायचा होता. एका पाड्यावर फोन एकच, दुकानदाराचा. अकरा गरोदर बायांपुढे तोच नंबर पडला. त्यांच्या नावचे संदेश तो वाचायचा. कामाची छापील यादी आमच्या हाती यायची तेव्हा त्यातल्या दोघी बाळंत झालेल्या असायच्या. पुढे टॅब मिळाला, पण रजिस्टर सुटलं नाही. दिवसा वहीत लिहायचं आणि संध्याकाळी टेकडीवर रेंज शोधत तेच पुन्हा चढवायचं.

खरा बदल घडवला तो साध्या फोनने. 2014 साली राज्यात 108 ची रुग्णवाहिका सुरू झाली. अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून नेणं मी पाहिलेलं आहे. त्यानंतर तीन आकडे दाबले की डांबरी सडकेपर्यंत तरी गाडी येऊ लागली. पाड्यापासून सडकेपर्यंत डोलीच होती, तरी त्या फोनने बाया वाचल्या.

2021 च्या मे महिन्यात 18 ते 44 वयाच्या लोकांना कोविडची लस खुली झाली, पण कोविन या सरकारी संकेतस्थळावर आधी नोंदणी केल्याशिवाय ती मिळत नव्हती. आमच्या केंद्राबाहेर शहरातल्या गाड्या उभ्या राहिल्या. त्या मुलांनी रीतसर नोंदणी केली होती, त्यांच्यावर माझा राग नाही. पण डोस आमच्या वाट्याचे होते आणि आमची पोरं फाटकाबाहेर उभी होती. त्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, आणि होता तिथे रेंज नव्हती. मी त्यांची नावं ओळखत होते, कित्येकांना गोवराची सुई मीच टोचली होती. यंत्राला मात्र ती ठाऊक नव्हती. 24 मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणी करायला परवानगी आली, तोवर आमच्याकडची पहिली खेप संपली होती.

त्याच वर्षी मी निवृत्त झाले. आता माझ्या जागी आलेल्या मुलीच्या फोनमध्ये अनेक ॲप आहेत आणि प्रत्येक ॲप तिच्याकडून काही ना काही मागतं. ही ॲप बनवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तिच्याकडून नावं जरूर घ्या. पण सत्राच्या आदल्या संध्याकाळी, तिच्या पाड्यांतल्या कुठल्या बाळांची सुई राहिली आहे, त्यांची नावं मराठीत, रेंज नसतानाही उघडेल अशा एका यादीत तिला परत द्या.